निसर्गचित्रात नजरेचे थांबे

निसर्गचित्र शिकायला लागलं की पहिल्या काही दिवसांतच एक सल्ला कानावर पडतो: खालच्या कोपऱ्यातून एक पायवाट आत न्या, पाहणाऱ्याची नजर तिच्यावरून चालत थेट घरापर्यंत पोहोचेल. पायवाट नसेल तर ओढा, ओढा नसेल तर कुंपण. सल्ला वाईट नाही, पण त्यामागची समजूत चुकीची आहे. नजर रेषेवरून चालत नाही. ती उड्या मारते.

डोळ्याला अगदी स्पष्ट दिसतं ते दृष्टीच्या मध्यावरचं जेमतेम दोन अंशांचं वर्तुळ. हात पूर्ण लांब करून अंगठा धरला तर त्याच्या रुंदीएवढं. बाकी सगळं धूसर. या छोट्या जागेतून अख्खं चित्र पाहायचं म्हणून डोळा सेकंदाला साधारण तीन-चार वेळा जागा बदलतो, आणि उडी चालू असताना जवळजवळ काहीच टिपत नाही. शिकागो विद्यापीठातल्या बसवेल या शिक्षणमानसशास्त्रज्ञाने सुमारे २०० लोकांना चित्रं दाखवून त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली फिल्मवर नोंदवल्या. १९३५ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. सुरुवातीला चित्रभर झरझर फिरणारे छोटे-छोटे थांबे आणि मग मोजक्या जागांवर रेंगाळणारे लांब थांबे, असा त्या नोंदींचा ढाचा आहे.

पुढची उडी कुठे घ्यायची हे मात्र तो धूसर भागच सुचवतो. धुसरपणातही चार-पाच गोष्टी जाणवतात: उजेड-अंधारातला मोठा फरक, भोवतालापेक्षा वेगळा रंग, माणसासारखा आकार, मोकळ्या जागेतली एकटी वस्तू, बारकाव्यांनी गजबजलेला तुकडा. चित्रकाराच्या हातात असतं ते एवढंच. म्हणून आधी थांबे, म्हणजे नजर जिथे टेकावी त्या जागा, ठरवायचे. वाटा नंतर, आणि गरज असली तरच.

आधी तीन ओळी, मग छोटी स्केचेस

कागदावर पेन्सिल टेकवण्याआधी त्याच्या मागे तीन ओळी लिहाव्यात: पहिला थांबा, दुसरा, तिसरा. उदाहरणार्थ, ‘ऊन पडलेली भिंत, पाण्यातलं तिचं प्रतिबिंब, डावीकडची लांबची टेकडी.’ ‘प्रसन्न सकाळ’ हा थांबा नव्हे. ‘झाडी’ हाही नव्हे. झाडीतलं नेमकं कुठलं झाड, ते लिहायचं. क्वार्टर शीटवर, म्हणजे साधारण २८ × ३८ सेंटिमीटरच्या कागदावर, एक मुख्य आणि दोन दुय्यम थांबे पुरतात. चौथा आला की पहिल्याचा जोर वाटला जातो.

मग त्याच दृश्याची चार-पाच छोटी स्केचेस, प्रत्येकाला तीन-चार मिनिटं. स्केचची चौकट कागदाच्याच प्रमाणात हवी. क्वार्टर शीटसाठी ५.६ × ७.६ सेंटिमीटर. ही गोष्ट हटकून राहून जाते. स्केच चौरस निघतं, कागद आडवा असतो, मग मोठं करताना एका बाजूला रिकामी पट्टी उरते. ती भरायला एक झाड येतं आणि तेच झाड ठरवलेल्या थांब्यापेक्षा जास्त लक्ष खातं. कागद वेगळ्या मापाचा असेल तर त्याचा कर्ण आखावा. कागदाच्या एका कोपऱ्यातून निघालेली आणि समोरचा कोपरा त्या कर्णावर पडणारी कुठलीही छोटी चौकट त्याच प्रमाणाची असते.

स्केचमध्ये बाह्यरेषा नकोत, तीन टोन, म्हणजे उजळ-गडदपणाच्या तीन पायऱ्या, हवेत: कागदाचा पांढरा, २बी पेन्सिलने भरलेला मध्यम आणि ६बी दाबून भरलेला गडद. तिघांची वाटणी सारखी ठेवू नका. एकाने निम्म्याहून जास्त जागा घ्यावी, दुसऱ्याने साधारण एक तृतीयांश, आणि तिसऱ्याला उरेल तेवढी. जो टोन सर्वांत कमी आहे तोच नजर खेचतो, म्हणून तो मुख्य थांब्यापाशी खर्च करायचा. पाच स्केचेसपैकी एक निवडताना फक्त एवढंच पाहावं, की तो थोडासा टोन कुठे पडला आहे. एका जागी जमला असेल तर रचना उभी राहील. कागदभर शिंपडला असेल तर कितीही सुरेख रंगवा, नजर भटकणार.

मुख्य थांबा कागदावर कुठे ठेवायचा? कागदाचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून छेदबिंदूवर ठेवायचा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो सुरक्षित आहे, आणि थोडा कंटाळवाणाही. त्यापेक्षा चारही कडांपासूनची अंतरं वेगवेगळी आहेत ना, एवढं तपासलेलं मला जास्त उपयोगी वाटतं. क्वार्टर शीटवर डावीकडून १४, उजवीकडून २४, वरून ११ आणि खालून १७ सेंटिमीटर अशी जागा घेतली, तर कुठलंच अंतर दुसऱ्याची नक्कल करत नाही आणि थांबा कडेला चिकटतही नाही. क्षितिजरेषेलाही हाच न्याय. ती बरोबर मध्यावर आली की आकाश आणि जमीन सारख्या हक्काने भांडत बसतात.

टोनचा हिशेब

पांढऱ्याला १ आणि काळ्याला ९ धरून टोनची पट्टी बनवा. मुख्य थांब्यापाशी १ आणि ७-८ हे एकमेकांना चिकटलेले असू द्या. दुय्यम थांब्यांपाशी चार पायऱ्यांचा फरक पुरे. बाकी सगळीकडे शेजारच्या दोन आकारांत दोन पायऱ्यांपेक्षा जास्त फरक शक्यतो नको. हे आकडे काटेकोर पाळायचे नाहीत, पण चढउतार ठरलेला असला की प्रत्येक फटकाऱ्याला ‘हा इतका गडद कशाला?’ असं विचारता येतं.

उघड्यावर बसून रंगवताना हा हिशेब बिघडतो, कारण आपण दृश्याचा एकेक तुकडा वेगळा पाहतो. सावलीत टक लावून पाहिलं की डोळा तिला सरावतो आणि तिच्यातले सगळे फरक दिसू लागतात. तसेच ते उन्हातही दिसतात. दोन्हीकडचे फरक पूर्ण ताकदीने उतरवले की चित्रभर सारखाच गोंगाट होतो. उपाय जुनाच: डोळे किलकिले करून सगळं दृश्य एकदम पाहायचं. बारकावे विरघळतात, मोठे ठिपके उरतात, आणि पाहणाऱ्याच्या नजरेला उडीआधी जे जाणवणार आहे जवळजवळ तेच आपल्याला दिसतं.

साध्या दिवसाच्या उजेडात टोनचा एक ढोबळ क्रम असतो. आकाश सर्वांत उजळ, कारण उजेड तिथूनच येतो. त्याखालोखाल सपाट जमीन, कारण ती आकाशाकडे तोंड करून पडलेली असते. मग डोंगरउतार, आणि सर्वांत गडद उभी झाडं. जमीन झाडांइतकी गडद केली की ती आडवी राहत नाही, उभी होते, आणि लांबवर जायला निघालेली नजर तिथेच अडते. बर्फ, मावळतीचा उजेड, काळ्या ढगाखाली ऊन पडलेली पांढरी भिंत, हे अपवाद आहेत. मात्र हा क्रम जिथे मोडतो तिथे नजर हमखास थांबते. म्हणून तो मोडायचाच असेल तर मुख्य थांब्यापाशी मोडावा. गडद आभाळापुढची उजळ भिंत इतकी खेचते ती याच कारणाने, आणि नको तिथे राहिलेला एखादा पांढरा दगडही तसाच खेचतो.

जलरंगात सर्वांत जास्त घात करतात ते राहून गेलेले पांढरे कण. कोरडा ब्रश ओढताना कागदाच्या खाचांत राहिलेले ठिपके, छप्पर आणि झाडाच्या मध्ये सुटलेली एक मिलिमीटरची फट, कडेच्या गवतातले पांढरे चट्टे. जवळून ते चमकदार वाटतात. दोन मीटरवरून पाहिलं तर प्रत्येक ठिपका एक थांबा झालेला असतो. मुख्य थांब्यापासून दूरचे असे कण पातळ वॉशने, म्हणजे पाणीदार रंगाच्या सपाट थराने, झाकून टाकावेत. झाडाच्या फांद्यांतून दिसणाऱ्या आकाशाच्या भोकांचंही तसंच. त्यात मागच्या आकाशाचाच टोन भरला तर ती दिव्यांसारखी चमकतात, कारण प्रत्यक्षात छोट्या फटीतून दिसणारं आकाश भोवतालच्या पानांमुळे मंदावलेलं दिसतं. एक पायरी गडद भरा. भोक जितकं लहान तितकं गडद.

टोनचा फरक हीच नजर खेचण्याची एकमेव वाट नाही. फ्रेंच चित्रकार मोनेच्या १८७२ च्या सूर्योदयाच्या प्रसिद्ध चित्राचा काळा-पांढरा फोटो पाहा: नारिंगी सूर्य करड्या आकाशात जवळपास नाहीसा होतो. दोघांचा उजळपणा जवळजवळ सारखाच आहे. सूर्य दिसतो तो केवळ रंगामुळे, आणि म्हणूनच तो किंचित थरथरल्यासारखा वाटतो. रंगाचा हा खेळ साधायचा तर भोवताल करडा हवा. चटकदार रंगांच्या गर्दीत चटकदार ठिपका हरवतो.

हिरव्यात लाल ठेवायची युक्तीही त्यातलीच. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलच्या १८२१ च्या ओढ्यातल्या गाडीच्या चित्रात घोड्यांच्या साजावर लाल रंगाचे छोटे डाग आहेत, आणि काठावरचा कुत्रा गाडीकडे पाहतो आहे. एवढ्या मोठ्या हिरव्या-तपकिरी कॅनव्हासमध्ये गाडी शोधावी लागत नाही. त्याचा समकालीन टर्नर याचा किस्सा तर चित्रकारांत वर्षानुवर्षं सांगितला जातो. १८३२ च्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात त्याचं करड्या समुद्राचं चित्र कॉन्स्टेबलच्या लाल-सोनेरी चित्राशेजारी टांगलं होतं. त्याने आपल्या समुद्रावर नाण्याएवढा लाल ठिपका दिला आणि तो निघून गेला; नंतर येऊन त्या ठिपक्याची बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, केली. एक ठिपका पुरला, कारण बाकी सगळं करडं होतं. लाल ठिपके तीन झाले की मात्र डोळा त्यांचा त्रिकोण जोडत बसतो, आणि त्रिकोणाच्या मध्ये काय आहे ते बाजूला पडतं.

कडा

शेजारचे दोन आकार कसे भेटतात यावर नजर किती वेळ रेंगाळते ते बरंचसं ठरतं. कडक कडा थांबवते, मऊ कडा पुढे जाऊ देते, हरवलेली कडा दोन आकारांचा एक करून टाकते. सगळ्या कडा कडक असलेलं चित्र कातरून चिकटवल्यासारखं दिसतं. सगळ्या मऊ असल्या तर नजरेला टेकायला जागाच नाही. ढोबळ प्रमाण म्हणून, कडक कडा मुख्य थांब्यापाशी आणि एखाद-दुसरी दुय्यम थांब्यापाशी. कागदाच्या चारही बाजूंच्या तीन-चार सेंटिमीटरच्या पट्ट्यात एकही नसली तरी चालेल.

जलरंगात कडा म्हणजे वेळेचा प्रश्न. कागद चकचकीत ओला असताना दिलेला रंग पसरून आकार गमावतो. लांबच्या डोंगरांना किंवा ढगांना ठीक. चकाकी नुकतीच मंदावत असताना दिलेला घट्ट रंग आकार धरतो आणि कडा मऊ ठेवतो. मधल्या झाडीसाठी हीच घडी. चकाकी गेली, पण हाताच्या मागच्या बाजूला कागद गार लागतो, अशा वेळी थांबायचं. तेव्हा पातळ रंग दिला तर पाणी आधीच्या रंगाला ढकलत नेतं आणि वेडीवाकडी गडद कड असलेला डाग उठतो. असा डाग कडेच्या आकाशात पडला की आख्ख्या चित्रातला सर्वांत मोठा थांबा तोच होतो. वाळलेल्या कागदावर कडा मऊ करायची असेल तर रंग ओला असतानाच, काही सेकंदांत, स्वच्छ आणि निथळलेला ब्रश रंगाच्या बाहेरून कडेला टेकवायचा. रंगावरून फिरवायचा नाही. ब्रशमध्ये रंगापेक्षा जास्त पाणी असेल तर पुन्हा तोच डाग.

तैलरंगात घाई नाही. सगळे आकार थोडे कडक ठेवून रंगवावेत आणि शेवटी कोरड्या मऊ ब्रशने जिथे नजर थांबायला नको तिथल्या कडा ओढून घ्याव्यात. ब्रश दर फटक्याला पुसला नाही तर मात्र चिखल होतो.

वाट ठेवायचीच असेल तर

रेषा दोन थांबे जोडते. ती आधार देते. थांबा नसेल तर ती कुठेच नेत नाही. चित्रात वाट असूनही नजर पहिल्या वळणावरच परत फिरते अशी तक्रार असते, तेव्हा बहुतेक वेळा वाटेच्या टोकाला काहीच नसतं, किंवा वाट चित्रात झोपलेली नसून उभी असते.

उभी वाट हा यथार्थदर्शनाचा (पर्स्पेक्टिव्हचा) दोष आहे आणि त्याला सोपं गणित आहे. सपाट जमिनीवरची जागा क्षितिजरेषेच्या जितकी खाली दिसते ते अंतर ती आपल्यापासून किती लांब आहे त्याच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं. पाच मीटरवरची जागा क्षितिजाखाली १२ सेंटिमीटरवर काढली, तर दहा मीटरवरची ६ सेंटिमीटरवर, वीसवरची ३ आणि चाळीसवरची दीड सेंटिमीटरवर यायला हवी. म्हणजे वाटेचा लांबचा सगळा प्रवास क्षितिजाखालच्या दीड सेंटिमीटरमध्ये आटोपतो. तिथली वळणं जवळजवळ आडव्या रेघा होतात. नवशिक्या हात त्यांना जवळच्या वळणांइतकीच उंची देतो, आणि वाट धबधब्यासारखी खाली कोसळू लागते.

रुंदीलाही नियम आहे. उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची दीड मीटर आणि सरळ आत जाणारा रस्ता तीन मीटर रुंद असेल, तर कुठल्याही ठिकाणी रस्त्याची चित्रातली रुंदी ही क्षितिजापासून तिथपर्यंतच्या उभ्या अंतराच्या दुप्पट येते. क्षितिजाखाली ६ सेंटिमीटरवर रुंदी १२, ३ वर ६, एकावर दोन. मोजपट्टी घेऊन बसायची गरज नाही, पण शंका आली तर एका जागी मोजून पाहावं. जिथे रस्ता तिरका वळतो तिथे आडवी रुंदी याहून जास्त दिसते, आणि ती तशीच ठेवावी.

वाट आत घेताना बरोबर कोपऱ्यातून घेऊ नका; कोपरा स्वतःच एक बाण असतो आणि नजर तिथून बाहेर घसरते. खालच्या कडेच्या पाव ते तृतीयांश भागातून घ्या. वाटेवर दोन-तीन ठिकाणी आडव्या सावल्या टाका, रुंदीला आणि अंतराला वेगवेगळ्या. सलग उजळ पट्टीपेक्षा तुटक वाट जास्त चांगलं काम करते, कारण तिचा प्रत्येक उजळ तुकडा एक छोटा थांबा असतो आणि तुकडे लहान होत गेले की नजर आपोआप लांबवर जाते.

डच चित्रकार होब्बेमाच्या १६८९ च्या मिडेलहार्निसच्या रस्त्याच्या चित्रात या सगळ्या सूचना धाब्यावर बसवल्या आहेत. रस्ता जवळजवळ मधोमध, सरळ, दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा. खरं तर नजर एका क्षणात क्षितिजावर जाऊन चित्र संपायला हवं. तसं होत नाही. क्षितिज खाली आहे, झाडं बारीक आणि खूप उंच आहेत, त्यामुळे नजर तितक्याच जोराने वरच्या आकाशात जाते. रस्त्यावर कुत्र्यासह एक माणूस आपल्या दिशेने येतो, तो आत धावणाऱ्या नजरेला सामोरा उभा राहतो. उजवीकडे रोपांत काम करणारा माणूस आहे, डावीकडे लांबवर चर्चचा मनोरा. क्ष-किरण तपासणीत असंही आढळलं, की होब्बेमाने अगदी पुढे रस्त्याच्या दोन बाजूंना आणखी दोन झाडं काढली होती आणि नंतर ती झाकून टाकली. ती राहिली असती तर चित्राला दरवाजाची चौकट आली असती आणि नजर दारातच अडली असती. रचनेत काय काढून टाकलं ते पाहणं हे काय ठेवलं ते पाहण्याइतकंच शिकवणारं असतं.

थांब्यांची साखळी समजून घ्यायला फ्लेमिश चित्रकार ब्रॉयगलचं १५६५ चं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र घ्यावं. डावीकडे पुढे शिकारी आणि कुत्री, बर्फावर गडद. त्यांच्या पाठी आपल्याकडे, त्यामुळे चेहऱ्यांत अडकायला वाव नाही. तिथून उतारावर झाडांची खोडं, एकापेक्षा एक बारीक. मग हवेत एक उडता पक्षी, एकटाच. खाली गोठलेली तळी आणि त्यांच्यावर मुंगीएवढी माणसं. मग वर उजवीकडे डोंगरसुळके. सलग वाट कुठेच नाही. गडद ठिपके आहेत, आकाराने घटत गेलेले, आणि त्यांच्यामधली अंतरं असमान आहेत. तळ्यांचा बर्फ आणि आकाश एकाच हिरवट करड्या रंगाचे असल्यामुळे दरीत उतरलेली नजर पुन्हा आकाशाकडे उचलली जाते. या चित्रावर पारदर्शक कागद ठेवून फक्त गडद ठिपके उतरवले तर एका तासात बरंच हाती लागतं.

माणसं

निसर्गचित्रातला माणूस भाताच्या दाण्याएवढा असला तरी नजर त्याच्यावर जातेच. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे तो जिकडे पाहतो तिकडेही ती जाते. म्हणून माणूस आतल्या बाजूला तोंड करून, पुढे जास्त आणि मागे कमी जागा सोडून ठेवावा. कडेकडे चालत निघालेला माणूस पाहणाऱ्याला सोबत बाहेर घेऊन जातो. मुख्य थांबा भिंत असेल तर माणूस भिंतीपाशी हवा, किंवा नकोच. रिकाम्या कोपऱ्यात ‘जिवंतपणासाठी’ टाकलेला माणूस थांब्यांची यादीच बदलून टाकतो.

उंची चुकली तर तो राक्षस किंवा बाहुला दिसतो आणि भलत्याच कारणासाठी नजर धरतो. सपाट जमिनीवर आपण उभे राहून चित्र काढत असू तर साधारण आपल्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे, जवळची असोत की लांबची, क्षितिजरेषेवरच येतात. फक्त पाय वर-खाली होतात. स्टुलावर बसलो आणि डोळे जमिनीपासून १.१ मीटरवर आले, तर १.६५ मीटरच्या माणसाचा दोन तृतीयांश भाग क्षितिजाखाली आणि एक तृतीयांश वर.

नजर बाहेर सांडते त्या जागा

यात फार खोल काही नाही, पण नव्वद टक्के चित्रं इथे गळतात असं म्हटलं तर अतिशयोक्ती थोडीच होईल. बाहेरच्या दिशेने वळलेली फांदी. कडेला टेकलेला उजळ आकार. कागदाच्या दोन्ही कडांपर्यंत अखंड गेलेली डोंगराची कड, जिच्यावर एकही झाड, ढग किंवा सुळका अडवायला नाही. सारख्या अंतरावर रोवलेले कुंपणाचे खांब, जे कडेपर्यंत मोजत न्यायला लावतात. तिथे अंतरं बदला, एखादा खांब पाडा, एखाद्यापुढे झुडूप येऊ द्या.

सर्वांत लबाड दोष म्हणजे नुसता स्पर्श. झाडाचा शेंडा डोंगराच्या कडेला नेमका टेकतो, छपराची कड क्षितिजाशी जुळते, फांदीचं टोक कागदाच्या कडेला शिवतं. अशा ठिकाणी काय पुढे आणि काय मागे हे कळत नाही, म्हणून डोळा तिथेच घोटाळतो. एकतर आकार एकमेकांवर स्पष्ट चढवा, नाहीतर क्वार्टर शीटवर निदान अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवा. पेन्सिलीच्या रेखाटनातच हे शोधायचं, कारण रंग लागल्यावर शेंडा वाढवता येतो, कापता येत नाही.

पुढचा भाग हीही गळतीचीच जागा. तो जवळ असतो, त्यातली प्रत्येक काडी दिसते, म्हणून काडी-काडी रंगवली जाते आणि पाहणारा उंबऱ्यावरच बसून राहतो. पुढच्या भागाला एक मोठा वॉश, त्यात ओलं असतानाच रंगाचा थोडा बदल, आणि वाळल्यावर कोरड्या ब्रशचे दोन-तीन फटकारे, तेही आतल्या दिशेने झुकलेले. तरीही जड वाटला तर त्यावर ढगाची सावली टाका. प्रत्यक्षात त्या वेळी ढग नसला तरी चालतं.

तपासणी आणि दुरुस्ती

चित्र झाल्यावर ते उलटं करून दोन-तीन मीटरवर ठेवा. विषय ओळखू येत नसल्यामुळे ठिपके स्पष्ट होतात. आरशात पाहा; सवयीने दिसेनासा झालेला झुकाव लगेच उघडा पडतो. फोनवर काळा-पांढरा फोटो काढून तो अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून पाहा. मग संशयित जागेवर भोवतालच्या टोनचा कागदाचा कपटा ठेवा. चित्र शांत झालं, तर दोष तिथेच होता.

जलरंगात कडेचा पांढरेपणा मारायला अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा अगदी पातळ करडा वॉश घ्यावा. खालचा थर पूर्ण वाळलेला हवा, ब्रश एक इंची सपाट, आणि फटका एकच. परत त्याच जागी गेलात तर खालचा रंग उठतो. गडद डाग उजळ करायचा असेल तर ओलसर ब्रशने हलकं घासून टिश्यूने टिपा. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उठतो. थॅलो निळा किंवा हिरवा कागदात मुरतो, त्याच्याशी झटापट करून कागदाचा पृष्ठभाग खरवडला तर तो खरवडलेला भाग कायमचा थांबा होतो. अशा वेळी उलटा मार्ग घ्या: मुख्य थांब्याजवळचा गडद भाग आणखी एक पायरी गडद करा, म्हणजे तुलनेत तो डाग मागे पडतो. तैलरंगात थर हाताला कोरडा लागेपर्यंत थांबून त्यावर पातळ झाक द्यावी, आणि तिच्यात खालच्या थरापेक्षा तेल थोडं जास्त असावं.

कापणं हाही उपायच आहे. पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या चित्रावर सरकवून पाहा. एका बाजूचे दोन सेंटिमीटर माउंटखाली, म्हणजे फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, गेले की अनेकदा कडेचा उपद्रव संपतो. यात कमीपणा मानणारे लोक आहेत; मला ते पटत नाही.

शेवटची परीक्षा दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांची. त्याला चित्र तीन सेकंद दाखवून झाका आणि विचारा, ‘आधी कुठे पाहिलंस? मग कुठे?’ ‘कसं वाटलं?’ किंवा ‘घर दिसलं का?’ असं विचारायचं नाही. यार्बुस या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकाच माणसाला रशियन चित्रकार रेपिनचं एकच चित्र वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवलं होतं, आणि प्रश्न बदलला की नजरेचा माग पार बदलत होता. घराबद्दल विचारलंत तर तो घरच पाहील. उत्तर कागदामागच्या तीन ओळींशी ताडून पाहा. तिन्ही जागा त्याच असतील आणि फक्त दुसरी-तिसरी उलटी झाली असेल, तर चित्राला हात लावू नका. यादीत नसलेली जागा पहिली आली, तर दुरुस्ती तिथून सुरू करा. मुख्य थांबा आणखी चमकवून ती झाकायला जाऊ नका.